जीप किती उंच असावी?

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकाच विषयावर खल चालू आहे. विषय आहे चार इंचांचा. धाकट्या भावाच्या मुलाला आमची जुनी जीप चार इंच उंच करून घ्यायची आहे आणि मला ती करू द्यायची नाही. तो पुण्यात नोकरीला असतो. रोज रात्री जेवणं झाली की फोनवर त्याचा एक तरी व्हिडिओ येऊन पडतो. कुठल्या तरी डोंगरात एक उंच जीप दगडांवरून खेकड्यासारखी चढत असते आणि खाली याचं वाक्य असतं, "नाना, हे बघा!" मी बघतो. नाही कशाला म्हणू, बघायला मजा येते.

पण मंडळी, मजा वेगळी आणि आपली जीप वेगळी.

ज्यांना आमची जीप ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महिंद्रांची एमएम ५४०, १९८९ सालची. भावाने आणि मी मिळून १९९६ मध्ये ती जुन्यात घेतली. चारही चाकांना जोर देता येणारी. मुंबईत महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही. सांगाडा तोच, इंजिन मात्र प्यूजो बनावटीचं डिझेल. पुढे मागे लोखंडी पाटे. नव्या थारमध्ये (२०२० च्या) पाटे नाहीत, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत. त्यामुळे तिच्यासाठी सांगितलेले उपाय आमच्या म्हातारीला लागू करणं म्हणजे नातवाचं औषध आजीला देण्यासारखं आहे. भाऊ गेल्यापासून जीप पुतण्याच्या नावावर आहे, पण उभी असते गावी, आमच्या दारात. पाटोदा तालुक्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या अंगाखांद्यावर वसलेलं. तेव्हा खडक, उतार आणि खालच्या अंगाला काळी माती, असं सगळं तिच्या वाट्याला येतं.

आता पुतण्याची बाजू. ती खोटी नाही हे आधी कबूल करतो. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत जीप मागच्या दोन पावसाळ्यांत तीनदा अडकली. पूर्वी त्या वाटेने बैलगाड्या जायच्या, चाकोऱ्या असायच्या वीतभर. आता उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात. त्यांचं मागचं चाक माणसाच्या छातीला लागतं, त्यामुळे चाकोरी गुडघाभर खोल होते आणि मधला उंचवटा तसाच राहतो. त्या उंचवट्यावर जीपचं पोट टेकतं. चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करावा लागतो. म्हणून हा म्हणतो, गाडी उंच करू, पोट टेकणार नाही. ऐकायला अगदी बरोबर वाटतं.

इथे मला शिक्षकाची खोड काही गप्प बसू देत नाही. मी त्याला पाटीवर चित्र काढून दाखवलं (हो, घरात अजून पाटी आहे). बैलगाडीला जसा आख, तसा जीपला पुढे एक आणि मागे एक. मिस्त्री त्याला हाऊसिंग म्हणतात. मागच्या आखाच्या मध्याजवळ आणि पुढच्याच्या थोडा एका बाजूला एक फुगीर लोखंडी गोळा असतो. इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते त्यात असतात. पाण्यातून, दगडातून, चाकोरीतून जाताना सगळ्यात खाली असतो तो हा गोळा. चासी नव्हे. आता पाटे बदलून गाडी उचलली तर काय उचललं जातं? चासी, बॉडी, इंजिन आणि आपण. गोळा तिथल्या तिथेच. आख चाकांच्या मधोमध आहे, त्यामुळे तो किती उंच राहणार हे चाकाची त्रिज्या ठरवते. पाट्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. चार इंच काय, फूटभर उचला, आपल्या पाणंदीतला उंचवटा त्या गोळ्याला तेवढाच लागणार.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "पण नाना, मोठे टायर बसवायला जागा तर होते ना?" हा मुद्दा खरा. पाटे उंच करायचे ते मुख्यतः त्यासाठीच, मोठं चाक वर उसळलं तर मडगार्डला घासू नये म्हणून. दुसरा फायदा चढउताराच्या कडेचा. खड्ड्यात उतरताना पुढचा बंपर आणि बाहेर येताना मागचा जमिनीला लागत नाही. पण आमच्या गाडीला येतात ते ६.००-१६ टायर. त्याजागी ७.००-१६ घातले तर गोळ्याखाली मिळणार पाऊण ते एक इंच. त्या एका इंचासाठी चार इंच उचलायचं?

मी बीडला आमच्या नेहमीच्या पाटेवाल्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस बघण्यासारखा आहे. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघायच्या आधी त्याच्या दारात वाहनांची रांग लागते. कुणाचा मुख्य पाटा तुटलेला, कुणाला दोन पाटे वाढवून हवेत. लोखंडाचा आवाज ऐकून कुठला पाटा थकला आहे ते तो सांगतो. त्याला मी म्हटलं, पोराला गाडी उंच करायची आहे, काय काय मार्ग आहेत ते सगळे सांगा. त्याने बिडी विझवली आणि म्हणाला, "गुरुजी, आधी हे सांगा, गाडी बघायची हाय का बसायची?"

मग त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे शॅकल लांब करणं. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं असतं आणि दुसरं एका हलत्या कडीला लोंबतं, ती कडी म्हणजे शॅकल. ती दोन इंच लांब केली तर गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली गेलेलं असतं. पण त्यात पुढचा आख किंचित फिरतो. चाकाची खुंटी मागे कललेली असते, म्हणूनच स्टिअरिंग सोडलं की चाक आपोआप सरळ होतं. आख फिरला की तो कल कमी होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी भटकायला लागते. एखादा इंच चालून जातो, त्यापुढे नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाटे वाढवणं. याबद्दल मला मिस्त्रीने काही सांगायची गरज नव्हती, त्याची कथा पुढे येईलच.

तिसरा, आहे त्या पाट्यांना जास्त बाक देणं. जुन्या पाट्याला नुसतं ठोकून बाक दिला तर सहा महिन्यांत तो परत बसतो. त्याला तापवून, तेलात बुडवून नीट पाणी द्यावं लागतं, नाहीतर नवे पाटे घेतलेले बरे.

चौथा मार्ग पुतण्याच्या मनात बसलेला. आमच्या जीपचे पाटे आखाच्या खालून जातात. ते काढून आखाच्या वर बसवायचे. आखाची जाडी अधिक पाट्यांच्या थराची जाडी, एवढी गाडी एका दमात उचलली जाते, म्हणजे चार-पाच इंच. पाटे तेच, नवीन काही घ्यायला नको, म्हणून तो खूष. मिस्त्री म्हणाला, काम होतं, मी केलेलं आहे, पण मग यादी सुरू होते. स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, त्यामुळे चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग स्वतःहून वळतं. इंजिनाकडून आखाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, शॉकॲब्सॉर्बर तोकडे पडतात. जोर लावला की आख पाट्याला पीळ देतो. एकेक गोष्ट सोडवता येते, पण सगळ्या सोडवाव्या लागतात. निम्म्या सोडवून चालत नाही. आणि ज्यांनी निम्म्याच सोडवल्या त्यांच्याच गाड्या माझ्याकडे परत येतात, असं म्हणून तो हसला.

(एक गंमत. ट्रक उंच करायला पाटे आणि आख यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात, तसं करू असं मी सुचवलं होतं. मिस्त्री म्हणाला, पाटे आखाखाली असलेल्या गाडीत ठोकळा घातला तर गाडी उलट खाली येईल! घरी येऊन चित्र काढून पाहिलं, खरंच की. या वयात विद्यार्थी होण्यात कमीपणा नाही.)

आता वाढीव पाट्यांची कथा. १९९७ सालची गोष्ट. जीप नवीनच होती घरात आणि दोघं भाऊ हौशी. खताच्या गोण्या वाहायच्या म्हणून मागच्या बाजूला दोन-दोन पाटे वाढवून घेतले. गाडी उंच झाली, छान ताठ उभी राहिली. सगळ्यांनी कौतुक केलं. पावसाळ्यात एका रात्री शेजारवाड्यातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. गावात वाहन आमचंच. भाऊ चालवायला, मी पुढे बसलो आणि मागे ती, तिची सासू आणि एक सुईण. तेव्हा आमच्या गावाला डांबरी रस्ता नव्हता, मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत नुसता खडक. ओझं नसलं की वाढवलेले पाटे दबतच नाहीत, प्रत्येक दगड थेट माणसाच्या मणक्यात जातो. ती पोर आधी ओरडत होती, मग ओरडायची थांबली आणि प्रत्येक धक्क्याला नुसता श्वास ओढून घ्यायची. भावाने गाडी इतकी हळू चालवली की चालत लवकर पोचलो असतो. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला, आज तो स्वतः टेम्पो चालवतो. पण परत येताना भाऊ एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न पिता बीडला गेला आणि ते पाटे काढून आला. ते चार पाटे अजून आमच्या गोठ्यामागे पडून आहेत.

पुतण्याला ही गोष्ट माहीत नव्हती. त्याच्या वडिलांनी ती कधी सांगितली नसावी.

आता उंचीबद्दल. ती मी जीपवर शिकलो नाही, कडब्याच्या गाडीवर शिकलो. लहानपणी आमचे वडील शेतातून कडबा भरून आणायचे. पेंढ्या दोन पुरुष उंचीपर्यंत रचलेल्या. वाटेत उताराची कड लागली की वरच्या अंगाला दोघं दोर धरून लोंबकळत चालायचे, गाडी खालच्या अंगाला कलंडू नये म्हणून. तेच वजन धान्याच्या पोत्यांचं असतं तर कुणी दोर धरला नसता, कारण पोती खाली बसतात. पुढे शाळेत विज्ञानाचा शिक्षक नव्हता तेव्हा आठवीला गुरुत्वमध्य मीच शिकवला आणि दरवेळी ही कडब्याची गाडी फळ्यावर काढली.

जीपचं गणित तेच. दोन चाकांमधलं अंतर साधारण चार फूट, म्हणजे मध्यापासून चाकापर्यंत २४ इंच. उदाहरणादाखल धरू की गुरुत्वमध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे. मग गाडी बेचाळीस-त्रेचाळीस अंश कलेपर्यंत उलटणार नाही. पाच इंच उचल दिली तर आख आणि चाकं खालीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्य चार इंच वर गेला असं धरा. ३० इंच. आता तो कोन अडतीस-एकोणचाळीस अंशांवर आला. चारच अंश तर कमी झाले, असं वाटेल. पण हे आकडे रिकाम्या आणि न हलणाऱ्या गाडीचे आहेत. आमच्या जीपमध्ये मागे दोन्ही बाजूंना आडवी बाकं आहेत, त्यावर सहा माणसं बसतात (आठ बसतात, खोटं कशाला बोलू). त्यांचं वजन वरच. वळणावर सगळी एकाच अंगाला झुकतात, त्या अंगाचे पाटे दबतात, आणि कागदावरचे अंश भराभर संपतात. मांजरसुंब्याचा घाट उतरताना समोरून येणारा ट्रक चुकवायला स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं तर ते चार अंश कुठून आणणार?

व्हिडिओतल्या जीपमध्ये एक तरुण असतो, पट्टा बांधलेला, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. चूक झाली तर त्याची त्याला. आमच्या जीपमध्ये लग्नाचं वऱ्हाड असतं. फरक मला तिथे वाटतो.

कायद्याचंही सांगून टाकतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पंधरा वर्षं उलटलेली गाडी म्हणून आमच्या जीपची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा तपासणीला उभं राहावं लागतंच. पुतण्या म्हणतो, "सगळे करतात नाना." सगळे करतात हे वाक्य मी छत्तीस वर्षं वर्गात ऐकलं आहे.

मग करायचं काय? मी आणि मिस्त्रीने जीप सपाट फरशीवर उभी केली आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मापं घेतली. कुणीही जुन्या गाडीचा विचार करत असेल तर आधी एवढं नक्की करावं, खर्च शून्य. डावीकडची मापं जवळपास ठीक निघाली. उजवी बाजू मागे दीड इंच आणि पुढे इंचभर बसलेली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर त्याच बाजूला बसतो, आणि आमचे भाऊ काही हलके नव्हते. मुख्य पाट्याच्या डोळ्यातले बुश झिजून अंडाकृती झालेले. पाटे एकमेकांना गंजाने चिकटलेले, म्हणजे पाटा म्हणून काम करणं त्यांनी कधीच थांबवलं होतं. शॉकॲब्सॉर्बर दाबला की दाबलेलाच राहत होता. आम्ही जी उंची विकत घ्यायला निघालो होतो त्यातली दीड इंच आमचीच होती, हळूहळू हरवलेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझं मत असं की आधी ती परत आणावी. नवे पाटे मूळ मापाचे, मूळ संख्येचे, मध्ये ग्रेफाइटचं ग्रीस, नवे बुश, नवे शॉकॲब्सॉर्बर. एवढं करून एक पावसाळा चालवावी. त्यानंतरही अडली तर टायरचं बघू. चाक आखावर हलवून टेकत नाही याची खात्री करून, आणि परिवहन कार्यालयात विचारूनच. मोठ्या टायरने वेगाचा काटा कमी दाखवतो आणि जुन्या ड्रमब्रेकवर जास्त भार येतो, तेही ध्यानात ठेवून. काळ्या मातीत रुंद टायर हवा असं पुतण्या म्हणतो. माझा अनुभव असा की अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतो आणि रुंद टायर वर तरंगत घसरतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही, वाचणाऱ्यांपैकी कुणी काळ्या मातीत दोन्ही वापरले असतील तर कळवा.

आणि पाणंदीचं म्हणाल तर दोन ट्रॉल्या मुरूम. खरंच. ज्या तीन ठिकाणी जीप अडकली ती मिळून साठ-सत्तर पावलं लांबीची जागा आहे. चाकोऱ्या बुजवल्या आणि मधला उंचवटा फावड्याने काढला तर आमचीच काय, दूधवाल्याची मोटारसायकलही जाईल. हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नाना, मुरूम व्हिडिओत चांगला दिसत नाही." त्याच्या विनोदाची जात वडिलांची आहे, हे मान्य करावंच लागेल.

तो पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. परवा रात्री उशिरा त्याने फोन केला आणि व्हिडिओ न पाठवता बोलला. म्हणाला, बाबांची गाडी नुसती दारात उभी राहून गंजते आहे हे मला बघवत नाही, तिचं काहीतरी व्हावं असं वाटतं. उंची हे निमित्त होतं म्हणायचं. मला ते आधी कळायला हवं होतं, मी उगाच गोळ्याची चित्रं काढत बसलो. पण आता कळलं तरी माझं मत तेच आहे, कारण त्या गाडीत दर पंधरा दिवसांनी त्याची आई बसते. वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले. बीडला दवाखान्यात जायचं तर आत्ताच मी खाली एक विटांचा चौथरा केलेला आहे, त्यावर पाय ठेवून त्या चढतात. उतरायच्या ठिकाणी चौथरा नसतो, तिथे कुणीतरी हात द्यावा लागतो. चार इंच म्हणजे त्यांच्यासाठी आणखी अर्धी पायरी. हे मी त्याला फोनवर सांगितलं नाही. त्याला माहीत आहे, पण पुण्यात बसून विसरायला होतं.

काल वहिनींनीच विषय काढला. मला वाटलं जीपवरून भांडण नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याला म्हणावं कर तुला काय करायचं ते, पण मला चढता आलं पाहिजे." आणि पदराला खोचलेला एक दोरा काढून माझ्या हातात दिला. जमिनीपासून पायऱ्याच्या पत्र्यापर्यंत दोरा धरून, त्यांना जमेल तेवढ्या उंचीवर त्यांनी स्वतः गाठ मारून ठेवली होती. मी टेप लावून पाहिला. पाटे नवे झाल्यावर गाडी दीड इंच वर येईल, त्या मापाने गाठ बरोबर पाव इंच वर आहे.

शनिवारी पुतण्या येतो आहे, पाटे उतरवायचे ठरले आहेत. मुरूमवाल्याला रविवार सांगितला आहे. दोरा माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला आहे.